मातीचा घट आणि सूक्ष्मजंतूंची वीज

आजच्या संसारांत विजेवांचून पान हालत नाहीं. पहांटे विहिरीवरचा पंप, सकाळीं मिक्सर, दुपारीं कूलर, सायंकाळीं मुलांच्या अभ्यासाचा दिवा आणि रात्रीं प्रत्येकाच्या उशाशीं भरावयास लावलेला मोबाइल, असा विजेचा राबता घरोघरीं दिवसभर चालूं असतो. वऱ्हाडांतील वैशाखांत भर दुपारीं घटकाभर वीज गेली, म्हणजे थोरल्या आजोबांपासून पाळण्यांतल्या पोरापर्यंत सारें घर ओसरीवर येतें आणि जो तो 'केव्हां येईल?' एवढेंच विचारतो. अशा वेळीं कोणी सांगितलें कीं, घराबाहेरच्या ज्या नालीवरून आपण नाकाला पदर लावून जातों, तिच्या तळच्या काळ्या गाळांत कोट्यवधि सूक्ष्मजंतु रात्रंदिवस विजेची देवघेव करीत आहेत, तर वडील मंडळी हंसतीलच, पण कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकणारा नातूहि चटकन् मान डोलावणार नाहीं.

तरी ही गोष्ट खरी आहे. त्या जंतूंची वीज तारेंत उतरवून घेण्याची युक्ति शास्त्रज्ञांस आतां चांगली साधली आहे. तिच्यावर दिवे लागले आहेत, मोबाइल भरले आहेत, नदींत तरंगणारें हवामानाचें यंत्रहि चाललें आहे. आणि विशेष अभिमानाची गोष्ट ही कीं, या विद्येंत एका मराठी प्राध्यापकानें आपल्या कुंभाराच्या साध्या मडक्याला मानाचें स्थान मिळवून दिलें आहे. ही वीज येते कोठून, ती किती, आणि चांदूर बाजारासारख्या संत्र्याकपाशीच्या तालुक्याच्या गांवीं तिचा उपयोग काय, याचा थोडा निवांत विचार येथें करावयाचा आहे.

शंभर वर्षांपूर्वींचा धागा

इटलींतील बोलोन्या शहरीं गॅल्व्हानी नांवाच्या प्राध्यापकानें पाहिलें कीं, दोन धातूंचा स्पर्श होतांच मेलेल्या बेडकाची तंगडी आखडते. १७९१ सालीं त्यानें तें प्रसिद्ध केलें. ही वीज प्राण्याच्या अंगांतलीच, असें त्याचें मत. त्याचा देशबंधु व्होल्टा म्हणाला, "प्राण्याची कसली? ही दोन धातूंची!" आपलें म्हणणें सिद्ध करण्याच्या ओघांत व्होल्टानें १८०० सालीं विजेचा पहिला घट रचला आणि पुढें शंभर वर्षें घटांचें राज्य धातूंकडेच राहिलें. वाचकांनीं हा वाद ध्यानांत ठेवावा. लेखाच्या शेवटीं जो घरगुती प्रयोग दिला आहे, त्यांत तो पुन्हां आपल्यापुढें उभा राहणार आहे.

इंग्लंडांत न्यूकॅसल येथें डरहॅम विद्यापीठाच्या कॉलेजांत पॉटर नांवाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनीं पाव फुगविणारें यीस्ट आणि आंतड्यांत राहणारे कांहीं जंतु पोषक द्रवांत वाढविले, त्यांत प्लॅटिनमचे पत्रे बुडविले, आणि जंतु असलेलें पात्र व नसलेलें पात्र यांच्यामध्यें विजेचा दाब उत्पन्न होतो, असें १९११ सालीं जाहीर केलें. दाब फार तर अर्ध्या व्होल्टाचा. १९३१ सालीं अमेरिकेंत जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठाच्या कोहेन यांनीं असे अनेक लहान घट ओळीनें जोडून दाब ३५ व्होल्टांवर नेला. परंतु प्रवाह मिळाला अवघा दोन मिलिअँपियर. एवढ्याशा विजेसाठीं एवढा खटाटोप कोण करणार? जनित्राची वीज दिवसेंदिवस स्वस्त होत होती. शोध पुस्तकांत पडून राहिला.

त्याला खरा प्राण आला तो चिखलांतून. १९८७ सालीं अमेरिकेच्या राजधानीवरून वाहणाऱ्या पोटोमॅक नदीच्या गाळांत डेरेक लव्हली यांना असा एक जंतु सांपडला, कीं जो प्राणवायूवांचून जगतो आणि श्वासासाठीं चक्क लोखंडाचा गंज वापरतो. त्याच्या कुळाला पुढें जिओबॅक्टर, म्हणजे भूमिजंतु, असें नांव पडलें. पुढच्याच वर्षीं न्यूयॉर्क राज्यांतील ओनायडा सरोवरांतल्या दुसऱ्या एका जंतूची अशीच करामत प्रसिद्ध झाली. १९९९ च्या सुमारास कोरियांतील संशोधकांनीं दाखविलें कीं, या जातीचे जंतु कोणत्याहि मध्यस्थ रसायनावांचून आपली वीज थेट कोळशाच्या कांडीला देतात. पॉटर यांचा तुटलेला धागा येथें पुन्हां जोडला गेला. २००८ सालीं अमेरिकन आरमाराच्या प्रयोगशाळेनें त्याच पोटोमॅकच्या गाळांत असे घट पुरून हवामान नोंदविणारें एक तरतें यंत्र चालविल्याचें प्रसिद्ध झालें.

जंतु वीज कां देतात?

आपण भाकरी खातों आणि श्वासाबरोबर प्राणवायु घेतों. अन्नांतील विद्युत्कण, ज्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात, ते शरीराच्या पेशींत हातोहात पुढें सरकत शेवटीं प्राणवायूच्या पदरांत पडतात. या सरकण्यांत जी शक्ति सुटते, तिच्यावर आपलें जीवन चालतें. जंतूंचेंहि तसेंच आहे. परंतु गाळाच्या तळाशीं प्राणवायु पोंचत नाहीं. लग्नाच्या पंगतींत वाढप्यांची रांग लागावी, जिन्नस हातोहात पुढें यावा, आणि शेवटचा घेणाराच पाटावर नसावा, तशी तेथें अवस्था होते. मग भूमिजंतु काय करतो? तो आपले विद्युत्कण अंगाबाहेर काढतो आणि शेजारच्या गंजाच्या कणाला देऊन मोकळा होतो. गंजाऐवजीं त्याच्याजवळ कोळशाची कांडी ठेविली, तर तिलाहि तो ते तितक्याच खुषीनें देतो. त्या कांडीला तार जोडून तारेचें दुसरें टोंक हवेच्या स्पर्शांतल्या दुसऱ्या कांडीला लावलें, कीं विद्युत्कण तारेंतून धांवत जाऊन प्राणवायूला मिळतात. ही धांव म्हणजेच विजेचा प्रवाह.

अंगाबाहेर विद्युत्कण नेण्यासाठीं या जंतूला केसाहून कितीतरी बारीक असे तंतु असतात. २०१९ सालीं या तंतूंची रचना उलगडली, तेव्हां असें दिसलें कीं, ते लोहयुक्त प्रथिनांच्या माळा आहेत. ज्या लोहयुक्त घटकामुळें आपलें रक्त तांबडें दिसतें, त्याच जातीचा घटक त्या माळांत मण्यांसारखा ओंवलेला असतो. नालीच्या गाळांतला जंतु आणि आपण यांचें नातें एवढें जवळचें निघेल, असें कोणास वाटलें असेल?

कुंभाराचें मडकें

आतां या देवघेवीचा घट बांधावयाचा, तर एक अडचण उभी राहते. जंतूंना प्राणवायु मिळतां कामा नये. तो मिळाला कीं ते विद्युत्कण परभारें त्यालाच देतील आणि तार कोरडी राहील. परंतु दोन्ही बाजूंच्या पाण्यांत विद्युत्भारित कणांची ये-जा तर झालीच पाहिजे, नाहींतर प्रवाह थांबेल. म्हणजे मध्यें असा पडदा हवा, कीं जो एकाला अडवील आणि दुसऱ्याला सोडील. पाश्चात्य प्रयोगशाळांत यासाठीं नॅफिऑन नांवाचा कृत्रिम पडदा वापरीत. तो इतका महाग कीं, सांडपाण्यासारख्या कामांत त्याचें नांवहि काढूं नये.

खरगपूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत प्रा. मकरंद माधव घांगरेकर यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह या प्रश्नावर दीर्घकाळ काम केलें. २००७ सालीं त्यांनीं पडदाच नसलेल्या घटाचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढें त्यांनीं साधें मातीचें मडकें घेतलें. जंतु आणि सांडपाणी मडक्याच्या आंत, हवेकडील कांडी मडक्याच्या बाहेर, आणि मडक्याची भाजलेली भिंत हाच पडदा! ज्या पाझरामुळें उन्हाळ्यांत माठांतलें पाणी गार होतें, त्याच पाझरांतून विद्युत्भारित कण हळूहळू बाहेर येतात. प्राणवायूला मात्र ओल्या भिंतींतून आंत शिरणें अवघड जातें. तांदुळाच्या गिरणीचें सांडपाणी घेऊन महागडा पडदा आणि मडकें यांची तुलना त्यांनीं केली आणि ती २०१० सालीं प्रसिद्ध झाली. मडक्याच्या घटांत पाणी अधिक स्वच्छ झालें आणि त्याच्या आकारमानाच्या हिशेबानें वीज सुमारें चौपट मिळाली. त्याच संस्थेंत पुढें या तत्त्वावर एक शौचालयहि बांधून, त्याच्या मैलापाण्यांतून निघालेल्या विजेवर दिवे लावून दाखविण्यांत आले.

आपल्याकडे नवरात्रांत घट बसवितात, तेव्हां मडक्याभोंवतीं काळी माती पसरून तींत धान्य पेरतात. मडकें, माती आणि पाणी यांतून जीव उभा राहतो, हें आपल्या घरांतील बायकांना कोणी शिकवावें लागत नाहीं. जें मडकें आपण माठ म्हणून कोपऱ्यांत ठेवितों, त्यांत आधुनिक विद्युत्-घटाचे गुण निघावे, हा योग मोठा मौजेचा आहे.

लहान घट, एकत्र कुटुंब

कोणाला वाटेल कीं, लहान मडक्यांतून थोडी वीज मिळते, तर मोठ्या रांजणांतून भरपूर मिळेल. येथें अनुभव उलटा आहे. घट जसा मोठा, तसें जंतूंपासून कांडीपर्यंतचें आणि एका कांडीपासून दुसरीपर्यंतचें अंतर वाढतें, पाण्याच्या पोटांतला पुष्कळसा भाग रिकामाच राहतो, आणि लिटरमागें मिळणारी वीज घटते. म्हणून या शास्त्रांत लहानाचें महत्त्व फार. २००६ सालीं अमेरिकन आरमाराच्या प्रयोगशाळेनें चहाच्या चमच्याच्या चौथाईएवढा, म्हणजे सव्वा मिलिलिटराच्या आंतबाहेरचा घट करून त्याच्या आकाराच्या मानानें चांगलीच वीज मिळविली. इंग्लंडांत ब्रिस्टल येथें येरोपूलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं असे अनेक लहान घट जोडून मानवी मूत्रावर मोबाइल भरून दाखविला, तो २०१३ सालीं. त्यांनींहि पुढें भाजलेल्या मातीच्या नळ्याच पसंत केल्या. २०१५ सालीं त्यांनीं आपल्या विद्यापीठाच्या आवारांत अशा घटांवर दिवा लागणारी मुतारी उभारली. निर्वासितांच्या छावण्यांत रात्रीं बायकामुलांना उजेड मिळावा, हा त्यामागचा उद्देश होता.

परंतु अनेक घट ओळीनें जोडले, कीं एक निराळीच पंचाईत होते. त्यांतल्या एखाद्या घटाला अन्न कमी पडलें, तर तो स्वतः वीज देण्याचें सोडून इतरांची वीज खाऊं लागतो. त्याचा दाब चक्क उलटा होतो आणि साऱ्या ओळीचें काम बिघडतें. उपाय एकच. प्रत्येक घटाला वेळच्या वेळीं सारखें अन्न पोंचलें पाहिजे. एकत्र कुटुंबांत ज्यांनीं दहा-वीस पानें रोज मांडलीं आणि सर्वांत धाकट्या सुनेच्या ताटांतहि सारखें वाढलें जातें कीं नाहीं, हें पाहिलें, त्या गृहिणींना या नियमाची फोड करून सांगणें नको.

कागद-पेन्सिलीचा हिशेब

आतां मुद्द्याची गोष्ट. या विजेवर घर चालेल काय? उत्साहाच्या भरांत कोणी म्हणतो कीं, उद्यां नालीवर गांव उजळेल. अशा वेळीं कागद-पेन्सिल घेऊन बसावें, हें बरें.

एका माणसामागें रोज जी घाण सांडपाण्यांत जाते, ती पूर्णपणें जिरविण्यास सुमारें १०० ग्रॅम प्राणवायु लागतो, असें धरूं. एक ग्रॅम प्राणवायूच्या वांट्याला येणारे विद्युत्कण म्हणजे सुमारें १२,००० कूलंब वीज; तेव्हां १०० ग्रॅमांचे १२ लक्ष कूलंब झाले. काम करणाऱ्या घटाचा दाब ०.४ व्होल्टाच्या आसपास राहतो. गुणाकार करतां दिवसाचे सुमारें १३० वॅट-तास येतात. परंतु सारे विद्युत्कण तारेंत येत नाहींत. बरेचसे इतर जंतु मधल्यामध्यें गट्ट करतात. तिसरा हिस्सा हातीं लागला असें मानलें, तर उरतात ४० वॅट-तास, म्हणजे नऊ वॅटांचा एक दिवा साडेचार तास. दहा माणसांच्या एकत्र कुटुंबाची सारी प्राप्ति अर्ध्या युनिटाच्याहि आंत. आणि हाहि हिशेब कागदावरचा. प्रत्यक्षांत मोठ्या घटांतून याहून पुष्कळ कमी मिळतें.

याच्याशेजारीं गोठ्यांतली गाय उभी करावी. तिचें दिवसाचें दहा किलो शेण धरलें, तर त्यापासून सुमारें ०.४ घनमीटर गोबर गॅस मिळतो आणि त्यांत दोन युनिटांहून अधिक उष्णता असते. चार-पांच गुरें दावणीला असलीं, तर लहान कुटुंबाचा स्वयंपाक त्या गॅसवर निघतो. शिवाय वऱ्हाडच्या उन्हाला तोटा नाहीं; छपरावरच्या सौर-पत्र्याची बरोबरी हे जंतु करूं शकणार नाहींत. तेव्हां निव्वळ विजेसाठीं कोणी या मार्गाला लागूं नये, असेंच आमचें स्पष्ट मत आहे.

मग हा उद्योग कशासाठीं? याचें उत्तर पाण्याकडे पाहिलें म्हणजे मिळतें. शहरांतील मैलापाणी शुद्ध करण्याच्या रूढ पद्धतींत मोठमोठ्या यंत्रांनीं पाण्यांत हवा घुसवितात, आणि एक हजार लिटर पाण्यामागें अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज खर्ची पडते. लहान गांवांत असें यंत्र एकदां बसविणें सोपें. वर्षानुवर्षें त्याचें विजेचें बिल भरणें कठीण. बिल थकलें कीं यंत्र थांबतें, आणि यंत्र थांबलें कीं घाण पाणी जसेंच्या तसें नदीनाल्यांत उतरतें. जंतूंच्या घटाला हवा घुसवावी लागत नाहीं. तो घाण खातो, पाणी बरेंच स्वच्छ करतो, आणि वर चिमूटभर वीज देतो. अन्नांतील शक्तीचा कांहीं भाग तारेंतून निघून गेल्यामुळें जंतूंची स्वतःची वाढ बेताची होते आणि मागें गाळहि कमी उरतो. जो घेणाऱ्याचा देणारा झाला, त्याच्या देण्याचा आंकडा लहान असला तरी घरच्या जमाखर्चांत फरक मोठा पडतो.

या घटाचा आणखी एक उपयोग आहे. पाण्यांत घाण वाढली, कीं जंतूंना अन्न वाढतें आणि प्रवाहहि वाढतो. म्हणून लहानसा घट पाण्यांतील घाणीचा पहारेकरी होऊं शकतो. कोरियांत यावर यंत्रें तयार झालीं आहेत. मात्र एक इशारा अवश्य द्यावयास पाहिजे. घटांतून बाहेर पडलेलें पाणी पिण्याजोगें नसतें. रोगाचे जंतु त्यांत राहूं शकतात. तें गाळून, निर्जंतुक करून मगच झाडांना वगैरे वापरावें लागतें.

घाण कोणाची?

घाणींतून उजेड काढण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाहीं. मुंबईस माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रयस्थानांत १८९७ सालीं मैल्यापासून निघणाऱ्या गॅसवर दिवे लावण्याची व्यवस्था झाली होती. कोंकणांत आप्पासाहेब पटवर्धनांनीं कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत शौचकूप आणि गॅस यांची सांगड घातली. देहूस सरकारी डॉक्टर म्हणून गेलेले डॉ. सुहास मापुसकर यांनीं तोच धागा पुढें नेऊन 'मलप्रभा' नांवाची गॅसची योजना सिद्ध केली. त्यांच्या पश्चात् २०१७ सालीं त्यांना पद्मश्री देण्यांत आली. जंतूंच्या विजेचे घट हें याच परंपरेचें पुढचें पाऊल आहे.

आप्पासाहेबांचें उदाहरण आपल्यासारख्या घरांनीं विशेष लक्षांत घ्यावें. ब्राह्मण कुळांत जन्मलेल्या या सुशिक्षित गृहस्थानें १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत भंगीकाम आपल्याला मिळावें म्हणून अन्न सोडलें, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठीं महात्माजींनीं येरवड्यांत उपवास आरंभिला. आपल्या घरांतून सोवळ्याओवळ्याचा बारीक विचार पिढ्यान् पिढ्या झाला. पाणी कोणत्या भांड्यांत भरावें, कोणत्या कपड्यानें गाळावें, हें सारें ठरलेलें. परंतु घाण उंबऱ्याबाहेर गेली, कीं आपला तिच्याशीं संबंध संपला, असेंच आपण धरून चाललों. ती उचलण्यासाठीं दुसरीं माणसें होतीं आणि त्या कामासाठीं त्यांनाच आपण अपवित्र मानीत आलों. हातानें मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ सालीं कायदे झाले. तरीहि मैल्याच्या टाकींत उतरलेलीं माणसें गुदमरून मेल्याचें वर्तमानपत्रांत अजून वाचावें लागतें.

चांदूर बाजार तालुक्याला हें सांगावयास बाहेरच्या कोणाची गरज नाहीं. गाडगेबाबांचा जन्म १८७६ सालीं याच अमरावती जिल्ह्यांत शेंडगांवचा. तालुक्यांतील नागरवाडीला त्यांचा आश्रम. आणि २० डिसेंबर १९५६ रोजीं जवळच वलगांव येथें त्यांनीं देह ठेविला. दिवसा झाडू आणि रात्रीं कीर्तन, हा त्यांचा क्रम साऱ्या वऱ्हाडानें पाहिला. गांव झाडून झाल्यावरच तोंड उघडावयाचें, ही त्यांची रीत होती. बाबांच्या काळीं शास्त्रानें घाणीकडे पाहण्याची जी दृष्टि पुरती दिली नव्हती, ती आतां दिली आहे. घाण म्हणजे चुकीच्या जागीं पडलेलें अन्न, आणि तें खाणारे जीव योग्य जागीं बसविले, तर झाडू मारणाऱ्याचें ओझें हलकें होतें.

घरीं करून पाहण्याजोगा प्रयोग

मुलांना सुट्टींत हा प्रयोग वडिलांच्या देखरेखीखालीं अवश्य करूं द्यावा. झिलई नसलेलें लहान बोळकें घेऊन तें रात्रभर पाण्यांत भिजवावें. तळ्याकांठचा किंवा शेताच्या बांधाचा ओला चिखल खडे काढून त्यांत भरावा. चिखलांत चिमूटभर गूळ आणि थोडें शेणपाणी कालवावें. शौचकूपाची घाण घेऊं नये. चित्रकलेच्या दुकानांत ग्रॅफाइटच्या कांड्या मिळतात. पेन्सिलींतलें ज्याला आपण शिसें म्हणतों, तें वस्तुतः ग्रॅफाइट, म्हणजे कर्बच होय. तीन-चार कांड्या एकत्र बांधून चिखलांत खोल रोंवाव्या आणि चिखलावर दोन बोटें पाणी ठेवावें. हें बोळकें एका पसरट भांड्यांत ठेवून त्या भांड्यांत किंचित् मीठ घातलेलें पाणी ओतावें आणि तशाच कांड्यांची दुसरी जुडी त्यांत अर्धी बुडेल, अर्धी हवेंत राहील अशी उभी करावी. तारा कांड्यांच्या कोरड्या टोंकांनाच जोडाव्या. स्वयंपाकघरांतलें भांडें या कामास लावूं नये, बोळक्यावर घट्ट झांकण बसवूं नये आणि प्रत्येक वेळीं हात साबणानें धुवावे.

दोन्ही तारांमध्यें एक हजार ओहमचा रोध जोडून रोज ठरल्या वेळीं मल्टिमीटरनें दाब मोजावा आणि वहींत लिहून ठेवावा. पहिले कांहीं दिवस आंकडा नगण्य असेल. आठ-पंधरा दिवसांत जंतूंची वस्ती कांडीवर बसली, कीं तो चढूं लागेल. ०.१ व्होल्ट दिसला, तर प्रवाह ०.१ मिलिअँपियर आणि शक्ति एका मिलिवॅटाचा शंभरावा भाग झाली. यंत्रावरच्या चिमुकल्या तांबड्या दिव्याला सुमारें २० मिलिवॅट लागतात. म्हणजे त्या एका ठिपक्यासाठीं अशीं दोन हजार बोळकीं! हा गुणाकार मुलांकडूनच करवून घ्यावा.

आतां गॅल्व्हानी-व्होल्टांच्या वादाकडे वळूं. त्याच चिखलांत कोणी तांब्याचा आणि जस्ताचा तुकडा खोंवला, तर पहिल्याच क्षणीं दाब भरघोस दिसेल आणि मुलें टाळ्या पिटतील. ती वीज जंतूंची नसते. जस्त झिजून ती निघते. 'मातीपासून वीज' म्हणून जत्रेंत किंवा पडद्यावर जे चमत्कार दाखवितात, त्यांतले पुष्कळसे याच जातीचे. म्हणून दोन्हीकडे कर्बच घ्यावयाचा. शिवाय शेजारीं दुसरें बोळकें ठेवावें आणि त्यांतला चिखल अर्धा तास चांगला उकळून, निवल्यावर मग भरावा. पहिला चढला आणि दुसरा मागें राहिला, तर वीज जिवंत चिखलाची, असें म्हणण्यास आधार मिळाला. कांहीं दिवसांनीं उकळलेलाहि थोडा चढूं लागला, तर बुचकळ्यांत पडूं नये. कांहीं जंतु कठीण कवचांत दडून उकळीहि सोसतात. आपल्याकडे संत्र्यांचा हंगाम असतो. तिसऱ्या बोळक्यांत गुळाऐवजीं संत्र्याच्या सालींचा चुरा घालून पाहावा. सालींत साखर असते, पण तिच्यांतलें सुगंधी तेल जंतूंना मारक असतें. दोहोंपैकीं कोणाची सरशी होते, हें आपल्याच ओसरीवर पाहावयास मिळेल.

या प्रयोगांतून दिवा लागणार नाहीं, परंतु मुलाच्या हातीं दोन गोष्टी पडतील. चमत्कार दिसला कीं शेजारीं दुसरें बोळकें ठेवून तो ताडून पाहण्याची संवय ही पहिली. आणि नालीच्या गाळाकडे नाक न मुरडतां डोळे उघडून पाहण्याची बुद्धि ही दुसरी. तालुक्याच्या गांवांत शाळा आहेत, वसतिगृहें आहेत, मंगल कार्यालयें आहेत. या प्रत्येक ठिकाणचें सांडपाणी कोठें जातें, असा प्रश्न आपल्या घरच्या जेवणाच्या पंगतींत एकदां निघाला, तरी पुष्कळ झालें. त्याचें उत्तर कोठें शोषखड्डा असेल, कोठें गोबर गॅस, कोठें उद्यां मातीच्या घटांची ओळ. उत्तर कोणतेंहि असो. ज्या घरानें पाणी भरण्याचे नियम इतके काटेकोर पाळले, त्यानें तें पाणी सोडण्याचेहि नियम तितक्याच निष्ठेनें पाळावे, एवढें मागणें कांहीं फार नाहीं.